पोरीचा हट्ट आणि पहिली रायफल

आमच्या गावाचे नाव हट्टा. त्यामुळे इथली माणसे हट्टी असणारच, अशी थट्टा पाहुणेरावळे नेहमी करतात. आमच्या धाकट्या मुलीने ती थट्टा खरी करून दाखवली. मुले सायकलीचा हट्ट धरतात, मोबाईलचा धरतात. हिने रायफलीचा धरला.

त्याचे मूळ पॅरिसमध्ये आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे या तरुणाने ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच पदक. स्वप्नील कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक, आई गावची सरपंच आणि तो स्वतः मध्य रेल्वेत नोकरीला. खेड्यातले, पगारावर चालणाऱ्या घरातले पोर जगात तिसरे येते, हे आमच्या मुलीने टीव्हीवर पाहिले आणि शाळेतल्या क्रीडा शिक्षकांच्या मागे लागली. सरांनी ओळखी काढून परभणीला १० मीटरच्या एका रेंजवर तिची सोय लावून दिली. दर रविवारी एस.टी.ने जायचे, दीड-दोन तास सराव करायचा आणि परत यायचे. महिलांना २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट झाले, त्याचा आम्हाला मोठा आधार झाला.

चार महिने ती रेंजच्या रायफलीवर शिकली. मग एके दिवशी म्हणाली, "पप्पा, मला स्वतःची पाहिजे."

घरात चर्चा सुरू झाली. आजी म्हणाली, "पोरीच्या हातात बंदूक? अन् आपण तर पंचशील घेतो." प्रश्न रास्त होता. तिला मी रेंजवरचा कागद आणून दाखवला. सांगितले की, ही रायफल या कागदासाठी आहे. पाखरावर, कुत्र्यावर, माणसावर ती रोखायचीसुद्धा नाही, रिकामी असली तरी नाही, हा रेंजवरचा पहिला नियम आहे. आजीने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, "एवढ्याशा ठिपक्यावर मारायचं?" तिथून तिचा विरोध मावळला.

तो ठिपका खरोखरच एवढासा असतो. एअर रायफलच्या निशाणावरील काळे वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचे, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठे. त्याच्या मध्यभागी दहा गुणांचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहून लहान. १० मीटरवरून तो दिसतच नाही. रायफलीच्या मागच्या बारीक छिद्रातून पाहायचे, पुढच्या कड्यात काळे वर्तुळ बरोबर मधोमध बसवायचे आणि श्वास आवरून हळूच चाप ओढायचा. शरीर जरा डोलले तरी छर्रा ठिपका सोडून जातो. म्हणून या खेळात शक्तीपेक्षा स्थिर उभे राहणे मोलाचे.

आजीचा प्रश्न सुटला, पैशाचा उरला. मुलीच्या आईने सरळ विचारले, "किती लागतील?" मी चौकशी केली. एका विक्रेत्याने विदेशी कंपनीची रायफल सुचवली. तिची किंमत दोन लाखांच्या वर होती. "मुलीचं भविष्य आहे साहेब, पतसंस्थेचं कर्ज काढा," असा सल्लाही त्याने फुकट दिला. थोरल्या मुलाची डिप्लोमाची फी त्याच महिन्यात भरायची होती.

मी व्यवसायाने लेखनिक, शिक्षण बी.कॉम. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी वहीत दोन रकाने पाडायची मला सवय आहे. एका बाजूला भांडवली खर्च, म्हणजे एकदाच होणारा. दुसऱ्या बाजूला महसुली खर्च, म्हणजे दर महिन्याला येणारा. पहिल्या रकान्यात रायफल आली. दुसऱ्या रकान्यात छर्रे, रेंजची फी, एस.टी.चे भाडे, स्पर्धेची प्रवेश फी. एका सामन्यात ६० छर्रे लागतात. आठवड्यातून पाच दिवस तेवढाच सराव धरला तर आठवड्याला ३०० आणि महिन्याला १२०० छर्रे झाले. छर्र्यांच्या डबीत बहुधा ५०० असतात. म्हणजे महिन्याला जवळजवळ अडीच डब्या. कर्जाचा हप्ता सुरू झाला असता तर या डब्या कशातून आणायच्या? दोन लाखांची रायफल छर्र्यांवाचून म्हणजे नुसती काठी.

स्वप्नील कुसाळेच्या वडिलांनी मुलाच्या सरावाच्या खर्चासाठी कर्ज काढले होते, असे पदकाच्या वेळी वर्तमानपत्रांनी लिहिले होते. त्यांना मनापासून वंदन. पण तेरा वर्षांच्या पोरीच्या पहिल्या चार महिन्यांवर तेवढा बोजा टाकला, तर तो बोजा तिच्या खांद्यावर रायफलीपेक्षा जड होतो. नेम चुकला की तिला बापाचा हप्ता आठवणार. म्हणून आम्ही घरात ठरवले की, जी घेतल्यावरही छर्र्यांना पैसे उरतील, तीच आपली पहिली रायफल.

एवढे ठरल्यावर निवड सोपी होत गेली. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर उपयोग व्हावा म्हणून, प्रशिक्षकांकडून जे समजले ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट कायद्याची. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेली हवेची बंदूक घ्यायला परवाना लागत नाही. स्पर्धेची १० मीटर एअर रायफल ४.५ मिलिमीटरचीच असते आणि तिचा जोर साधारण साडेसात ज्यूल असतो. पॉइंट टू-टू बोअरची रायफल मात्र बंदूकच समजली जाते, तिला परवाना हवाच. मुलांनी सुरुवात हवेच्या रायफलीवर करावी. पावती आणि ओळखपत्राची प्रत रायफलीच्या पेटीतच ठेवावी. आपल्या माणसाला रस्त्यात कोणी विचारले, तर तोंडी उत्तरापेक्षा कागद बरा.

दुसरी गोष्ट प्रकाराची. दुकानात "लई पॉवरफुल आहे" म्हणून जी स्प्रिंगची बंदूक दाखवतात, ती या खेळाच्या कामाची नाही. चाप ओढताच आतली स्प्रिंग सुटते आणि सगळी बंदूक हिसका देते. लहान मूल त्या हिसक्याला घाबरून डोळा मिटायला शिकते आणि ती खोड मोडायला पुढे वर्ष जाते. सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल जवळजवळ हलत नाही. पण तिला २०० बारपर्यंत हवा भरावी लागते. हातपंपाने एवढी हवा भरणे मोठ्या माणसालाही घाम आणते. म्हणून घेण्याआधी विचारावे, "हवा कुठे भरून मिळेल?" आमच्या रेंजवर मोठा सिलिंडर आहे, म्हणून आम्ही ती घेऊ शकलो. आणखी एक सूचना. अशा रायफलीत शिलाई मशीनचे तेल घालू नये. जास्त दाबाची हवा आणि तेल एकत्र आले की पेट घेण्याचा धोका असतो.

तिसरी गोष्ट अंगाच्या मापाची. नियमाने एअर रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत चालते. मोठे नेमबाज चार-पाच किलोची वापरतात. अडतीस किलोच्या पोरीने ती उचलली की कंबर मागे झुकते आणि सगळा भार पाठीवर येतो. मुलांसाठी साडेतीन-चार किलोच्या आसपासच्या रायफली मिळतात. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, लांब-आखूड करता आला पाहिजे. गालाची पट्टी वर-खाली झाली पाहिजे. मूल दरवर्षी वाढते, रायफल तशी वाढत नाही. प्रशिक्षकांनी एक साधी परीक्षा सांगितली. मुलीने डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळा उघडायचा. मान न ताणता डोळ्यासमोर छिद्र आले, तर माप जुळले. नाही आले, तर किंमत कितीही असो, ती रायफल त्या मुलीची नव्हे. मूल डावखुरे असेल किंवा त्याचा डावा डोळा नेमाचा असेल, तर दस्ता त्या हाताला चालणारा आहे का, हेही पाहावे.

चौथी गोष्ट जुन्या रायफलीची. जुनी घेण्यात कमीपणा नाही. फक्त सिलिंडरवरची तारीख वाचावी. कंपन्या सिलिंडरचा वापर साधारण दहा वर्षांपर्यंतच मान्य करतात. तारीख उलटून गेली असेल, तर स्वस्त रायफल नव्या सिलिंडरपायी महाग पडते. ती तारीख वाचायला फार शिक्षण लागत नाही, फक्त धीटपणे "दाखवा" म्हणावे लागते.

हे सगळे पाहून आम्ही भारतीय बनावटीची, छिद्राच्या साईटची एक जुनी रायफल घेतली, तीही दोन घरांनी मिळून. दुसरे घर मोंढ्यात हमाली करणाऱ्या एका गृहस्थांचे. त्यांचा मुलगा आमच्या मुलीहून एक वर्षाने मोठा आणि चार बोटे उंच. दस्त्याची लांबी, गालपट्टीची उंची, साईटचे टिचके असे दोघांचे आकडे एका वहीत लिहून ठेवले आहेत. ज्याची पाळी, त्याने वही उघडून आपले माप लावायचे. रायफल रेंजवरच्या कुलपात राहते. कोणी किती पैसे घातले, दुरुस्ती कोणी करायची, एकाने खेळ सोडला तर दुसऱ्याने किती परत द्यायचे, हे आम्ही साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. मैत्री टिकवायची असेल तर हिशेब लिहिलेला बरा. जाड जॅकेट मात्र अजून घेतलेले नाही. रेंजचे वापरतो, कारण सहा महिन्यांत ते आखूड होईल.

छर्रे वाचवण्याची युक्तीही प्रशिक्षकांनीच दिली. रायफल न उडवता नुसते उभे राहायचे, नेम धरायचा, कोरडा चाप ओढायचा. रविवारचा निम्मा वेळ त्यातच जातो. इतर दिवशी मुलगी घरी रायफलीविना नुसती उभी राहण्याचा सराव करते. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा आमच्या घरचा नियम.

कोणी म्हणेल, हा तर श्रीमंतांचा खेळ. खरे आहे, साहित्य महाग आहे. पण अंजली भागवत यांची बंदुकीशी ओळख महाविद्यालयात एनसीसीत झाली आणि त्या २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे जगज्जेती झाली. शासनाची क्रीडा प्रबोधिनी आहे, शालेय स्पर्धांमध्ये नेमबाजी आहे, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. सुरुवातीला दार उघडायला स्वतःची रायफल लागतेच असे नाही. शाळेची, एनसीसीची, रेंजची चालते. कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या शाळांमध्ये याची चौकशी करावी आणि चार-पाच घरांनी मिळून एक रायफल घेण्याचा विचार करावा. एकट्या घराला जे पेलत नाही, ते पाच घरांना जड जात नाही, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको.

परवा मुलीच्या आईने तिला विचारले, "उद्या तुला कंटाळा आला तर?" मुलगी म्हणाली, "तर वहीत तिसऱ्या पोराचं माप लिहा." असो. सध्या तरी वहीत दोनच मापे आहेत, आणि तिचे माप गेल्या महिन्यात दोन रेघांनी वाढले आहे.