आजीच्या खोलीतला एसी

मुलांनो, मे महिन्यात तुम्ही कधी अकोल्याला आला आहात का? नसाल आलात तर सांगते. दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पारा 45 अंशांच्या आसपास. नळ सोडावा तर टाकीतलं पाणी असं येतं, की त्यात नुसती साखर आणि पत्ती टाकली तरी चहा व्हावा!

अशाच एका मे महिन्यात आमच्या घरच्या आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ऊन लागलं. वय 78. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "खोली थंड ठेवा. या वयात पुन्हा असं झालं तर अवघड जाईल."

आम्हाला वाटलं, काळजी कसली? मागल्या वर्षी हप्त्यानं घेतलेला एसी आहे की त्यांच्या खोलीत! पण दुपारी मी आत डोकावले तर आई घामानं चिंब. म्हणाल्या, "अवं, हे मशीन नुसतं घुरघुर करते. थंड काई लागत नाई."

यांनी रिमोटवर 24चे 16 केले. काही फरक नाही. (साध्या एसीत आकडा खाली नेला म्हणून खोली लवकर गार होत नाही बरं का. यंत्र आपल्याच गतीनं चालतं, फक्त थांबतं उशिरा.) एसीवाल्याला फोन केला. तो न बघताच म्हणाला, "गॅस संपला असेल, भरावा लागेल. परवा येतो." परवा! माझ्या पोटात गोळाच आला.

आमचा सोनू सहावीत. तो म्हणाला, "आई, आपला सिलिंडर संपतो तसा एसीचा गॅस संपतो?" मुलांनो, प्रश्न साधा, पण नेमका. एसीतला गॅस जळत नाही. तो बंद नळीत गोल गोल फिरतो. आत खोलीची उष्णता घेतो, बाहेर जाऊन सोडतो, पुन्हा आत येतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असणार. मग गळती न शोधता नुसता गॅस भरून काय उपयोग? म्हटलं, आधी आपणच बघू.

सोनू ताप मोजायचा थर्मामीटर घेऊन धावत आला. त्याचे आकडे 35च्या पुढेच सुरू होतात, तो इथे काय कामाचा! मग भिंतीवरचा तापमापक काढला. एसी वरून हवा ओढतो, तिथे 34 अंश. समोरून सोडतो, तिथे 29. फरक फक्त 5. चांगल्या चालणाऱ्या एसीत हा फरक साधारण 8 ते 11 अंश असतो.

बटण बंद करून मी स्टुलावर चढले आणि पुढची जाळी काढली. अगबाई! जाळी कसली, धुळीची गोधडीच ती! शाळेत मी पोरांची नखं तपासते आणि घरातली ही जाळी वर्षभर पाहिली नव्हती. नळाखाली धुतली, सावलीत वाळवली. आमच्या हवेत दहा मिनिटं पुरली. फरक 7 अंशांवर आला, पण खोली तापलेलीच.

तेवढ्यात सोनूनं दाराकडे बोट दाखवलं. तिथे मी कूलर लावून ठेवला होता. एसी आणि कूलर दोन्ही चालले तर दुप्पट गारवा, असा माझा हिशेब! पण दोघांचे स्वभाव उलटे. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, त्याला खिडक्या-दारं उघडी लागतात. एसीला बंद खोली लागते आणि तो हवेतली वाफ काढून टाकतो. नळीतून टपटप पाणी पडतं ना, ते हेच. 1902 साली विलिस कॅरिअर या इंजिनिअरनं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी यंत्र बनवलं, तेही हवेतल्या ओलाव्यामुळे कागद बिघडू नये म्हणून. आणि मी काय करत होते? एका यंत्रानं खोलीत ओलावा भरत होते आणि दुसऱ्याला तो उपसायला लावत होते! कूलर हलवला, दार लावलं.

तरीही एसी मध्येच गप्प व्हायचा. म्हणून गच्चीवर गेलो. बाहेरच्या पेटीकडे पाहून मी जागीच थांबले. एप्रिलमध्ये ती उन्हानं तापू नये म्हणून मीच तिला गोणपाट गुंडाळून सुतळीनं आवळलं होतं. खोलीतली उष्णता या पेटीतूनच बाहेर पडते. मी तिचं नाक-तोंडच बांधलं होतं! तापलेली हवा तिथेच कोंडायची आणि यंत्र तापून बंद पडायचं. सावली हवीच होती तर वर हातभर अंतरावर पत्रा टाकायचा, चारी बाजू मोकळ्या ठेवून.

खालून मेन स्विच बंद केला आणि मी सुतळी कापली. सोनूला हात लावू दिला नाही. तुम्हीही लावू नका. जाळीसुद्धा मोठ्या माणसाला काढायला सांगा. पेटीच्या आत तर मीही हात घातला नाही, ते काम मिस्त्रीचं.

अर्ध्या तासानं पुन्हा मोजलं. वर 30, समोर 19. संध्याकाळपर्यंत खोली 27 अंशांवर आली. आईंनी दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी एसीवाला आला. मीटर लावून बघितलं, गॅस पुरेसा होता. बाहेरची पेटी पाण्यानं धुऊन दिली, येण्याचे पैसे घेतले. जाता जाता कोपऱ्यातलं गोणपाट बघून म्हणाला, "हे कोणी बांधलं होतं, ताई?" सोनू माझ्याकडे बघून खुदकन हसला. मी चहा ठेवायला आत पळाले.

आतून आईंचा आवाज आला, "अवं सूनबाई, एवढी गोधडी दे वं. थंडी वाजून रायली."