चाकणच्या वाटेवर : एका जड चाकाची कथा

गेल्या माघांत चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधीचें दर्शन घेऊन आम्ही भोसरी-मोशीवरून चाकणकडे निघालों. बरोबर माझा पुतण्या होता. तो याच पट्ट्यांतील एका मोटारींच्या कारखान्यांत इंजिनियर आहे. चाकणपलीकडे आमचें वडिलोपार्जित शेत आहे. तेथील विहिरीवरचें जुनें डीझेल इंजिन भंगारांत घालण्याचें थोरल्या बंधूंनीं जवळजवळ ठरविलें होतें.

या प्रांतास इंजिन परकें नाहीं. खडकीस किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ सालीं निघाला. पुढें चिंचवडास रस्टन-हॉर्न्सबीचा झाला. वीज येण्यापूर्वीं विहिरीवरच्या बैलांची मोट सुटली ती असल्या यंत्रांमुळेंच. आमचें इंजिन आजोबांनीं घेतलेलें, विलायतेंतील लिस्टर कंपनीचें : एक सिलिंडर, पांच अश्वशक्ति, मिनिटास सहाशें फेरे, आणि दोहों बाजूंस एकेक अवजड चाक.

यांत ठिणगी पाडावी लागत नाहीं. हवा इतकी दाबली जाते कीं, तिच्या उष्णतेनेंच तेल पेटतें. दट्ट्याच्या चार धांवांपैकीं जोराची धांव एकच. म्हणजे दोन फेऱ्यांस एक, सेकंदास पांच. तोच तो ‘पुक् पुक्’ आवाज. उरलेल्या तीन धांवा तें जड चाक सांठविलेल्या वेगावर ओढून नेतें.

१९७२ च्या दुष्काळानंतरचा उन्हाळा मला आठवतो. मी बारा वर्षांचा होतों. वडिलांनीं आमचा कांदा वाळूं दिला आणि विहिरीचें पाणी गांवाच्या हौदांत सोडलें. आपलें पीक जळतांना पाहून मी रडलों, रागावलोंहि. वडील कांहींच बोलले नाहींत; पहांटे उठून इंजिन सुरू करीत.

शेतावर पोहोंचलों तों चाक गंजून जाम झालेलें. पुतण्यानें सिलिंडरांत तेल सोडून तें रात्रभर मुरूं दिलें. सकाळीं त्यानें झडपेचा खटका उचलून हँडल फिरविलें, चाकांनीं वेग धरतांच खटका सोडला. काळा धूर निघाला आणि तो ओळखीचा आवाज शिवारभर घुमला. हौदाच्या बाजूनें दोन म्हाताऱ्या बायका आल्या व चाकास हात जोडून उभ्या राहिल्या.

त्या एका उन्हाळ्याच्या वेगावर आमचें घर गांवांत अजून चालत आहे, हें मला तेव्हां उमगलें. बंधु बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अरे, त्या भंगारवाल्यास येऊं नको म्हणून कळव.”