रेवदंड्याहून कोर्लईला

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला कुठे जायचं, यावर आमच्याकडे फार खल झाला नाही. मला समुद्र हवा होता, नवऱ्याला किल्ले. अलिबागजवळ नागावला खोली घेतली की दोन्ही हाताशी येतात. मार्चचा पहिला आठवडा होता. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. सकाळी लवकर निघालो आणि चौलच्या वाड्यांमधून दक्षिणेकडे लागलो. दोन्ही बाजूंना नारळ-पोफळी, मध्येच एखादं तळं. याच चौलचे दाते कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत भेटतात. दोन हजार वर्षं जहाजं ज्या बंदराच्या ओढीने येत राहिली, ते आज इतकं निवांत आहे की गाडीचा हॉर्न वाजवायलाही जिवावर यावं.

रेवदंड्यात रस्ता थेट किल्ल्याच्या तटातूनच आत शिरतो. आत गाव नांदतंय: घरं, वाड्या, विहिरी, वाळत घातलेले कपडे. निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी १५२१ मध्ये इथे बांधकाम सुरू केलं आणि पुढे तटाच्या आत अख्खं शहर वसवलं. त्यातला सातखणी बुरूज आम्ही शोधून काढला. म्हणायला बुरूज, पण तो फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. वरचे मजले ढासळलेत, तरी माडांच्या वर डोकं काढून उभा आहे. चौकी नाही, तिकीट नाही. मला हे फार आवडलं. नवऱ्याला मात्र वाईट वाटत होतं, आणि त्याचंही खरं होतं: तटाच्या फटीफटीत झाडांची मुळं शिरलीत, ती दर पावसाळ्यात आणखी रुंदावणार.

गावातल्या एका शाळेच्या आवारात अफनासी निकितीनचं स्मारक आहे. त्वेर शहरातला हा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास होर्मुझहून चौलला उतरला, म्हणजे वास्को द गामाच्या जवळपास तीस वर्षं आधी. विकायला त्याने एक घोडा आणला होता. जुन्नरला गेल्यावर तिथल्या असदखानाने तो काढून घेतला आणि अट घातली, की धर्म बदललास तर घोडाही परत मिळेल आणि वर मोहराही. एका खुरासाणी गृहस्थाने रदबदली केली, म्हणून घोडाही सुटला आणि धर्मही राहिला. मायदेशी परतताना, घर गाठण्याआधीच निकितीन वारला. त्याने लिहून ठेवलेलं मात्र पोचलं. परक्या मुलखात एकट्या पडलेल्या माणसाची तगमग त्यात आहे, म्हणून मला तो राजदूतांपेक्षा आणि सेनापतींपेक्षा जवळचा वाटतो.

पुढे साळावचा पूल. खाली कुंडलिका समुद्राला मिळते. भरती ओसरत होती आणि पाण्यात जाळ्यांचे खांब उघडे पडत होते. नवऱ्याने गाडी पलीकडे थांबवली आणि मला १५०८च्या मार्चमधली लढाई सांगितली. इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी याच खाडीच्या तोंडाशी पोर्तुगिजांना गाठलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सू द आल्मेइदा निसटू पाहत होता, पण पाणी भरलेलं त्याचं जहाज कोळ्यांनी मासेमारीसाठी रोवलेल्या खांबांत अडकलं. पाय तोफगोळ्याने निकामी झाल्यावरही तो डोलकाठीशी बसून हुकूम देत राहिला आणि तिथेच मेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवला सूड घेतला आणि पश्चिम समुद्रावरची पोर्तुगिजांची पकड पक्की झाली. इतिहासाच्या पुस्तकांत आल्मेइदा असतो, अयाज असतो. ज्यांच्या खांबांनी ते जहाज धरून ठेवलं, त्या कोळ्यांपैकी एकाचंही नाव कुणी लिहिलेलं नाही.

कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या डोंगरावर आहे. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्या चढलो. एका हाताला दर्या, दुसऱ्या हाताला खाडी. दरवाजामागे दरवाजे, छप्पर उडालेलं चर्च, पोर्तुगीज शिलालेख, गंजलेल्या तोफा. निजामशहाने इथे किल्ला उभारताच पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये तो जिंकला. पुढे चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात मराठे इथवर भिडले आणि १७४०च्या तहाने चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं.

तेव्हा फिरंगी गेले. गाव राहिलं आणि गावाची बोली राहिली. मला कोर्लईला यायचं होतं ते तिच्यासाठी.

पोर्तुगीज शिपाई आणि इथल्या बायका यांचे संसार झाले, आसपासची कुटुंबं ख्रिस्ती झाली, आणि त्या घरांतून ही बोली घडली. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. बोलणारी माणसं हजाराच्या आतबाहेर. ती टिकली, कारण धर्म वेगळा म्हणून सोयरीक गावातल्या गावात होत राहिली आणि चर्चमध्ये प्रार्थनाही पोर्तुगीजमध्ये चालत. आता शाळा मराठी, नोकऱ्या बाहेर. मी अमरावतीची, नवरा गुहागरचा; आमची मुलगी जी मराठी बोलते ती ना माझ्या माहेरची, ना गुहागरची. त्यामुळे घरात बोली कशी घडते, हे मला पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नाही.

माउंट कार्मेल चर्चच्या जवळ एक मावशी ओट्यावर बोंबील निवडत बसल्या होत्या. शेजारणीशी त्या बोलीत बोलत होत्या. आमच्याकडे वळताच अस्सल मराठीत म्हणाल्या, “बसा ना. उन्हातून आलात. पाणी देऊ?”

मी विचारलं, “मावशी, तुमची नातवंडं बोलतात का ही भाषा?”

“घरात बोलतात. बाहेर मराठी. मोबाइलवर हिंदी.”

“आणि बाहेरून सून आली तर?”

त्या हसल्या. आत कुणाला तरी त्यांनी हाक मारली, आतून तितक्याच चढ्या आवाजात त्याच बोलीत उत्तर आलं.

“ती बघा, वसईची आहे. आली तेव्हा तिला एक शब्द कळत नव्हता. आता माझ्याशी भांडते तीसुद्धा आमच्याच भाषेत.”