टँकरची वही



१२ मे हा परिचारिका दिन. १८२० साली याच तारखेला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म झाला. आमच्या दिंडीची वारीपूर्वीची बैठकही याच सुमारास असते. त्या बाई हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत, पण बैठकीला निघताना मला त्यांची आठवण होते. कारण माझी एक चूक.

काही वर्षांपूर्वी दिंडीच्या पाण्याची सेवा माझ्याकडे होती. खरे सांगतो, ती मला हलकी वाटे. टाळ सोडून टँकरमागे कोण धावणार? फलटणच्या तळावर टँकर आला तेव्हा मी भजनात होतो. क्लोरीनचे औषध न टाकताच पाणी वाटले गेले. दुसऱ्या दिवशी अकरा जणांना जुलाब झाले. एका म्हाताऱ्या मावशींना सलाईन लागले, त्यांची वारी तिथेच थांबली. आरोग्य पथकातल्या सिस्टरांनी एवढेच विचारले, "औषध कोणी टाकलं होतं?" मी गप्प राहिलो. वर्षाच्या हिशेबात लिहिले, 'पाणी बदलल्याने त्रास.'

पुढे नाइटिंगेलबाईंचे चरित्र वाचनात आले. हाती दिवा घेऊन रात्री जखमींमध्ये फिरणारी बाई, एवढेच शाळेत शिकलो होतो. पण १८५४ च्या नोव्हेंबरात ३८ परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचल्या, तेव्हा त्यांनी झाडलोट, धुणे, रुग्णांचे जेवण आणि भांडाराचा हिशेब हाती घेतला. तरी माणसे मरतच होती. इमारतीखालची गटारे तुंबली होती. मार्च १८५५ मध्ये सरकारी स्वच्छता पथक आले, गटारे उपसली गेली, आणि मृत्यू झपाट्याने घटले.

युद्ध संपल्यावर देशभर त्यांचा जयजयकार चालला होता. त्यांनी मात्र विल्यम फार या आकडेतज्ज्ञांना सोबत घेऊन मृतांचा हिशेब मांडला. जखमांपेक्षा कितीतरी अधिक सैनिक टाळता येण्याजोग्या रोगांनी गेले होते. आपण जिथे राबलो, त्या इस्पितळाचे आकडेही त्यांनी झाकले नाहीत. १८५८ मध्ये रंगीत आकृती काढून सारे लोकांपुढे ठेवले. पुढे आजारपणात घरी बसूनही हिंदुस्थानातल्या छावण्यांच्या आणि गावांच्या पाण्याचा ध्यास त्यांनी सोडला नाही. १९१० साली त्या गेल्या. थडग्यावर नावाची दोन आद्याक्षरे आणि दोन तारखा, बस.

ते वाचून मला माझ्या हिशेबातली ती ओळ टोचू लागली. आपले गाडगेबाबा गावात आधी खराटा चालवत, मग कीर्तनाला उभे राहत. मी टाळ धरला होता आणि खराटा टाकून दिला होता.

या वर्षीच्या बैठकीत उभा राहिलो आणि ते अकरा जण कशाने आजारी पडले ते सांगितले. कोणी काही बोलले नाही. मग दिंडीचालकांनी एक कोरी वही माझ्यापुढे सरकवली. टँकर किती वाजता आला, औषध किती टाकले, टाकणाऱ्याची सही. पाण्याची सेवा पुन्हा माझ्याकडे आली आहे.

त्या मावशी यंदा वारीला येणार आहेत. त्यांना अजून काही ठाऊक नाही. तळावर भेटल्या की आधी पाया पडेन, मग सांगेन.