बांगड्याचे तेलुगू नाव

भिलाई म्हटले की झोतभट्ट्या, दल्ली-राजहराचे तांबडे लोहखनिज आणि लांबच लांब रूळ डोळ्यांसमोर येतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि या पोलादनगरीत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. मात्र कोकणातून आलेल्या गृहिणीला येथे रोहू आणि कटला यांच्याशीच सलोखा करावा लागतो. बांगडा हवा असेल तर बर्फाच्या पेटीची वाट पाहावी लागते.

भिलाईला जवळचा समुद्र विशाखापट्टणमचा. कारखान्यासाठी परदेशातून येणारा कोळसा तेथेच उतरतो. रायपूर, टिटलागढ, रायगडा असे करीत, पूर्वघाटाच्या डोंगरांतून आगगाडी तेथे पोहोचते. पहाटे मासेमारीच्या बंदरावर गेल्यास ताजा बांगडा पाहावा. निळसर-हिरवी पाठ, तिच्याखाली लांबवर गेलेल्या सोनेरी रेघा आणि पराजवळ एक काळा ठिपका! काही तासांतच हे सोने काळवंडते.

याच किनाऱ्यावर १७८० च्या दशकात पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश डॉक्टर राहत होता. घोणस या विषारी सापाच्या शास्त्रीय नावात त्याचे नाव आहे, ते त्याच्या सर्पविषयक ग्रंथामुळे. येथल्या माशांची चित्रे त्याने भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली आणि कोळ्यांच्या तोंडची तेलुगू नावे टिपून ठेवली. दोनशे माशांचा हा ग्रंथ १८०३ मध्ये लंडनला निघाला. त्यातील एका माशाचे नाव होते ‘कानागुर्ता’. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने १८१६ मध्ये तेच शास्त्रीय नामावळीत घेतले. आपला बांगडा आज जगभर ‘रास्ट्रेलिजर कानागुर्ता’ आहे. कोळ्याच्या बोलीतला शब्द लॅटिनच्या पंक्तीत बसला. चित्रकाराच्या वाट्याला तेवढी कीर्ती आली नाही.

रसेलची मत्स्यचित्रे रंगाविना छापलेली आहेत. रंगाचे वैभव पाहावयाचे तर बर्लिनचे वैद्य मार्कुस एलिएझर ब्लोख यांच्या ग्रंथाकडे वळावे. १७८२ ते १७९५ या काळात त्यांनी ४३२ चित्रपट प्रसिद्ध केले. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे, शाई भरून कागदावर दाबायचे आणि मग प्रत्येक प्रत कुंचल्याने रंगवायची, अशी ती रीत. खवल्यांची चकाकी यावी म्हणून चांदी-सोन्याचा मुलामाही दिला जाई. खर्च इतका, की पुढे धनिकांनी एकेका चित्राचा भार उचलला आणि त्यांची नावे चित्राखाली कोरली गेली.

पण रंगविणाऱ्याने तो मासा जिवंत कधी पाहिलेला असे? ब्लोख यांच्याकडे भारतीय मासे तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी या तत्कालीन डॅनिश वसाहतीतून मद्यार्कात बुडवून येत. मद्यार्कात आकार टिकतो, रंग उडतो. मग पाठविणाऱ्याच्या टिपणावर किंवा अंदाजावर भिस्त. म्हणून या चित्रांतील रेषेवर जितका विश्वास ठेवावा तितका रंगावर ठेवू नये, असे मला वाटते. आपल्या ताटातला हलवाही याच वाटेने बर्लिनला गेला आणि १७९५ मध्ये ब्लोख यांनी त्याला ‘नायगर’, म्हणजे काळा, हे नाव दिले.

आज असे ग्रंथ फाडून त्यांतील पाने चौकटीत विकली जातात. कोऱ्या चित्रांना मागाहून रंग फासणारेही आहेत. दिवाणखान्याच्या भिंतीला शोभा येते, पण वर्णनाचे पान मागे राहते. मासा कोठला, कोणी पाठविला, तेथले लोक त्याला काय म्हणत, हे त्या पानावर असते. सुदैवाने ब्लोख यांनी जमविलेल्या माशांपैकी कित्येक बर्लिनच्या संग्रहालयात अजून बरण्यांत आहेत आणि दोन्ही ग्रंथांची पाने आता संगणकावर पाहता येतात. भिलाईत बसूनही कानागुर्ताचे चित्र उघडता येते. सोनेरी रेघा मात्र बंदरावर जाऊनच पाहाव्या लागतील, आणि त्याही पहाटेच.