वाटेतलं गाव

गगनबावड्याला कुणी जात नाही, गगनबावड्यावरून जातात. कोल्हापुरातून निघून बालिंग्याचा पूल ओलांडला की कळे, साळवण, असळज मागे पडत जातात. उसाचे मळे विरळ होतात, झाडी दाट होते, आणि पंचावन्नेक किलोमीटरवर देश संपतो. पुढे एकदम खाली कोकण. त्या कड्यावर वसलेलं हे तालुक्याचं लहानसं गाव. इथून करूळ घाटाने वैभववाडीला उतरायचं किंवा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या दिशेला. माझं सासर कोल्हापूरचं, माहेर वैभववाडीकडचं. लग्न झाल्यापासून ही वाट माझ्या पायाखालची, पण गगनबावडा म्हणजे माझ्या लेखी स्टँडवरचा चहा, अंगाला झोंबणारं वारं आणि ‘चला, चला’ अशी कंडक्टरची हाक, एवढंच होतं.

बाळंतपणाला माहेरी निघाले तेव्हा करूळ घाट बंद होता. 2024 च्या जानेवारीत रस्त्याच्या कामासाठी बंद झाला, तो वर्षभर सुरू झाला नाही. आम्ही भुईबावड्याच्या अरुंद घाटाने उतरलो. पोटावर हात ठेवून मी प्रत्येक वळण मोजत होते. लेकीने सह्याद्री पहिल्यांदा ओलांडला तो असा, जन्मायच्या आधी.

ती दहा महिन्यांची झाली आणि दिवाळीनंतर चार दिवस कुठे जायचं, असा विषय निघाला. नवऱ्याला डोंगर हवा होता, सासूबाईंना नातीला सोडून राहायचं नव्हतं, आणि लेकीला सलग गाडीत बसणं सोसत नव्हतं. मग मीच म्हटलं, गगनबावड्यालाच थांबू. पावसाळ्यात इथे मूल घेऊन यायची सोय नाही. जिल्ह्यातला सगळ्यांत जास्त पाऊस बहुतेक वर्षी याच तालुक्यात पडतो, धुक्यात पुढची गाडी दिसत नाही. कार्तिकात मात्र आभाळ धुऊन निघालेलं असतं. फोनवर आईने विचारलंच, “त्या गडार चेडवाक घेवन कित्याक जातंस गो?” तिची काळजी खोटी नव्हती. पण खालच्या गावातून तिने तो गगनगड आयुष्यभर पाहिलेला, आणि वर मात्र ती कधी गेलेली नव्हती.

गगनगडाच्या बऱ्याच उंचीपर्यंत आता गाडी जाते, पुढे पायऱ्या. डोंगर चढणाऱ्या माणसाला ही वाट फार नाही. पाठीवर मूल असलं की मात्र तिची लांबी बदलते. चालणाऱ्याला घाम येतो आणि पाठीवरचं मूल नुसतं बसून असतं, म्हणून त्याला गारठा भरतो. आपल्याला उकडतंय म्हणून त्याचं टोपडं काढायचं नाही, मानेमागे हात घालून अंग गरम आहे का ते पाहायचं, हे सासूबाईंनी निघतानाच बजावलं होतं. नवऱ्याने पाठीवर घ्यायची नवी पिशवी आणली होती, पट्ट्या, बकलं, टोपी सगळं असलेली. त्यात लेक थोडा वेळ बसली आणि मग दोन्ही हात वर करून रडायला लागली. सासूबाईंनी पिशवीतून जुनं सुती लुगडं काढलं, खांद्यावरून तिरकं घेऊन गाठ मारली, तिला कुशीकडे वळवून आत ठेवलं. लेक गप्प झाली. तिला बहुधा माणसाचं तोंड दिसायला हवं होतं.

पायऱ्यांवर ताक घेऊन बसलेल्या एक म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, “तोंड उघडं ऱ्हाऊ दे, कान झाका पोरीचं. वाऱ्याला भीत न्हाई लेकरू, कानात वारं शिरलं की रडतंय.” आम्ही कान झाकले. त्यांनी लेकीच्या पायाला हात लावून तो आपल्या कपाळाशी नेला. कोण, कुठल्या, काही न विचारता.

आम्ही थांबत थांबत चढलो. भूक लागली म्हणून थांबलो, दुपटं ओलं झालं म्हणून थांबलो, मुंग्यांची रांग दिसली म्हणून थांबलो. त्या रांगेपुढे लेक कातळावर पालथी पडून होती आणि तिला उचलायचा धीर आमच्यातल्या कुणालाच झाला नाही. एकटी आले असते तर वर पोचून, दरी पाहून, तासाभरात उतरले असते. थांबल्यामुळे कातळातल्या गुहांपाशी बसता आलं. गगनगिरी महाराजांनी इथे तप केलं. 2008 मध्ये खोपोलीला त्यांनी देह ठेवला, तरी या गुहांमधली शांतता अजून त्यांच्याच नावाची आहे. माथ्यावर गैबी पिराचं ठाणं आहे. महाराजांच्या मठात आलेला माणूस तिथेही हात जोडून येतो, सासूबाईही आल्या.

हा गड शिलाहारांच्या दुसऱ्या भोज राजाचा मानला जातो, बाराव्या शतकाच्या अखेरचा. पण गावाच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं ते अमात्यांचं घराणं. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर. राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचं राज्य ज्यांनी हुकुमतपन्हा म्हणून सांभाळलं, ते हे. त्याच जिंजीत 1696 मध्ये राणी ताराबाईंना मुलगा झाला, शिवाजी. 1698 मध्ये जिंजी पडली आणि दोन वर्षांच्या आतबाहेरचं ते मूल दक्षिणेतून सह्याद्रीत आलं. एवढा लांबचा रस्ता, मागे शत्रू, नद्या, घाट. त्या मुलाचं दूध कुठे तापलं असेल, वारं कुणी अडवलं असेल, हे मला त्या पायऱ्यांवर बसून फार जवळचं वाटलं.

अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तला गडकोटांचा भाग सगळे सांगतात. मला त्यातली आरमाराच्या प्रकरणातली गोष्ट आठवत राहिली. जहाजांसाठी लाकूड लागतं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, अशी ताकीद तिथे आहे. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे जपून वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही. राज्य चालवण्याची नीती सांगताना ज्या माणसाला लेकरू वाढवायला किती काळ लागतो हे आठवलं, त्याच्याबद्दल मला या मुक्कामात जी आपुलकी वाटली, ती शाळेत धडा वाचताना वाटली नव्हती. खाली गावात त्यांच्या घराण्याचा वाडा आहे. त्याच्या बाहेर उभं राहून मी लेकीला ही गोष्ट सांगितली. ती माझं मंगळसूत्र चावत होती.

माथ्यावरून दोन्ही बाजू दिसतात. या धारेच्या पूर्वेला पडलेला पाऊस कुंभी नदीतून पंचगंगेत जातो, नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळतो आणि सगळा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचतो. पश्चिमेला पडलेला वाघोटन नदीतून विजयदुर्गच्या खाडीत, अरबी समुद्रात. एका बाजूला लेकीचं घर, एका बाजूला आजोळ, आणि हा डोंगर म्हणजे दोन्ही घरांचा एकच उंबरठा. सासूबाई पूर्वेकडे बोट करून “ते बघ आपलं कोल्हापूर” म्हणत होत्या. कोल्हापूर दिसत नव्हतं. पण त्यांनी दाखवलं आणि लेकीने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पळसंब्याला गेलो. ओढ्याच्या पात्रातच कातळ कोरून केलेली रामलिंगाची लहान लहान देवळं, अंगावरून पाणी वाहिलेली, झाडांच्या गच्च सावलीत. मुलाला घेऊन जायला या तालुक्यात मला याहून चांगली जागा माहीत नाही. लेकीने पाण्यात पाय घातले, दचकली, बाहेर काढले, पुन्हा घातले. बराच वेळ तेवढंच चाललं होतं.

परतताना रस्त्याकडेला उसाची तोड चालू होती. हंगाम नुकताच लागलेला. फडाच्या कडेला पाल्याच्या खोप्या आणि एका बांबूला लुगड्याची झोळी टांगलेली, सासूबाईंनी बांधली होती तशीच. आत लेकीच्याच वयाचं मूल. त्याची आई मोळ्या बांधत होती, बीडकडची. मी जवळ गेले तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, “किती महिन्यांची?” मग तिचं सांगितलं, माझं ऐकलं. दात किती आले, रात्री किती उठते. दोघींच्या रात्री सारख्याच होत्या. तिने मध्येच झोळीला एक झोका दिला आणि परत मोळीकडे गेली, कारण गाडी भरायची होती. आमच्या लेकीला भूक लागली की आमचा सगळा प्रवास थांबत होता. तिच्या मुलासाठी फड थांबत नव्हता. शिकणाऱ्या मुलांसाठी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. पण रांगतं मूल पाचटात, कोयत्यांच्या आणि बैलांच्या पायांत ठेवून आईने पहाटे कामाला लागायचं, ही रीत अजून मोडलेली नाही. ती मोडायला हवी. उसाच्या प्रत्येक फडाशी एक सावलीची जागा आणि मुलांकडे पाहणारी एक बाई ठेवणं या साखरेच्या मुलखाला जड नाही. सासूबाईंनी लेकीची जास्तीची टोपडी त्या बाईच्या हातात दिली, आणि तिने आम्हाला उसाचं कांडकं सोलून दिलं.

शेवटच्या दिवशी आईच वर आली. सकाळच्या गाडीने घाट चढून, नातीसाठी उकड्या तांदळाची पुरचुंडी घेऊन. लग्नाच्या मांडवानंतर दोघी विहिणी अशा निवांत कधी बसल्या नव्हत्या. कुणाचं घर नाही, कुणाचा मानपान नाही. आई म्हणाली, पेज द्या, अंग धरेल. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे नाचणीचं सत्त्व देतात. दोन वाट्या झाल्या. लेकीने दोन्हींतलं खाल्लं आणि उरलेलं आजीच्या पदराला पुसलं.

मग विषय संक्रांतीचा निघाला. लेकीचं पहिलं बोरन्हाण. आईला ते वैभववाडीला हवं होतं, तिकडच्या आत्या-मावश्या येतील म्हणून. सासूबाईंच्या कोल्हापुरात शेजारणींना आमंत्रणंही मनातल्या मनात गेली होती. थोडा वेळ दोघी आपापल्या बाजूने बोलल्या. मी आणि नवरा मध्ये पडलो नाही.

“असं करूया का विहीणबाई,” सासूबाई म्हणाल्या, “रथसप्तमीपर्यंत चालतंय की. इथंच करू. तुम्ही खालून या, आम्ही वरून येतो.”

आईने जरा विचार केला. “बोरं कोण आणणार?”

“बोरं आमच्याकडची. कुरमुरे, हलवा आम्ही बघतो. ऊस तर वाटेतच हाय.”

“मग काळं झबलं मी शिवते,” आई म्हणाली, आणि तिथेच पदराच्या टोकाने लेकीच्या पाठीचं माप घ्यायला लागली.