स्थळ पारखणारे इंद्रिय

प्राणिशास्त्राच्या वर्गात मृदुकाय प्राण्यांच्या ज्ञानेंद्रियांचा विषय निघाला की आम्ही ‘पायला’ ही गोड्या पाण्यातील गोगलगाय विच्छेदनासाठी घेत असू. विद्यार्थी आकृती काढून मोकळे होत. पायलाच्या अंड्यातून थेट इवलीशी गोगलगायच बाहेर येते. समुद्रातील अनेक शंखींचे बालपण निराळे असते, आणि ते किती नवलाचे आहे हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनातच उमगले.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर चिखलात राहणारी इल्यानासा ही शंखी घ्या. तिचा डिंभ पुरता एक मिलिमीटरही नसतो. सूक्ष्म केसांची झालर असलेल्या पडद्याने पोहत तो काही आठवडे पाण्यात काढतो. एवढ्याशा त्या देहात, सूक्ष्मदर्शकाखाली, दोन डोळे दिसतात; तोल सांभाळणारे दोन द्रवभरले कोश दिसतात, प्रत्येकात एक इवला खडा. आणि डोक्याच्या अग्रभागी मोजक्या मज्जापेशींचा एक गुच्छ असतो. त्यांतील काहींची टोके थेट बाहेरच्या पाण्यापर्यंत पोचतात.

हा गुच्छ कशासाठी? हवाई बेटांवर मायकेल हॅडफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्यांचा प्राणी फेस्टिला, शंखींचाच कवच टाकून दिलेला भाऊबंद. तो प्रवाळावर जगतो. त्याच्या डिंभाच्या अग्रभागातील काही पेशी रंगवून प्रकाशाने नष्ट केल्या, तेव्हा प्रवाळाच्या रसायनाची खूण त्याला ओळखता येईना. कोठे उतरावे हे सांगणारे इंद्रिय ते हेच.

एकदा तळाशी उतरले की परत फिरणे नाही. पडदा गळून जातो, आणि इल्यानासात तो गुच्छही पेशींच्या स्वतःच्या नियोजित मृत्यूने नाहीसा होतो. ज्याने निवड केली, ते निवडीनंतर उरतच नाही!

हे वाचत होतो त्या दिवसांत आमच्या घरी मुलाच्या कॅनडाच्या कागदपत्रांची धांदल चालली होती. त्याची आई बोलत नव्हती. हे उदाहरण त्याला ऐकवण्याचा मोह मला झाला, पण माणसाला परतीचे तिकीट काढता येते. डिंभाला पडदा पुन्हा फुटत नाही. मी गप्प राहिलो. पुढे विमानतळावर, रांगेत उभे असताना, एवढे मात्र त्याला सांगितले की ते डोळे आणि खडा बाळगणारे ते दोन कोश शंखीजवळ प्रौढपणीही राहतात.